वाळा : बांधासाठीं आणि मुळ्यांसाठीं

उन्हाळ्यांत ज्याच्या मुळ्यांची जुडी आपण पाण्याच्या माठांत टाकतों तो वाळा सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु वाळ्याचें गवत शेतांत उभें पाहिलेले शेतकरी आपल्या किनारपट्टींत थोडेच आढळतील. बाजारांतून जुडी आणावयाची आणि पाऊस पडला कीं ती फेकून द्यावयाची, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशीं संबंध. वास्तविक हें गवत आपल्याच देशाचें आहे. संस्कृतांत त्यास उशीर म्हणतात, हिंदींत खस, कानडींत लावंच, मल्याळींत रामच्चम. आणि इंग्रजांनीं त्याचें जें नांव उचललें तें तमिळ भाषेंतील 'वेट्टिवेर' या शब्दावरून. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पूर्वीं त्यास व्हेटिव्हेरिया झिझॅनॉइडिस म्हणत असत, आतां क्रायसोपोगॉन झिझॅनॉइडिस असें लिहितात. पुस्तकें चाळून माहिती काढणारानें हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर एकाच गवताचीं दोन गवतें समजण्याचा घोटाळा होतो.

लागवडीची माहिती देण्यापूर्वीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाळा दोन कामांसाठीं लावतात. एक, बांध व उतार राखण्यासाठीं. दुसरें, मुळ्या काढून विकण्यासाठीं. पहिल्या कामांत मुळी जमिनींत राहिली तरच उपयोग, दुसऱ्यांत ती जमिनीबाहेर आली तरच पैसा. म्हणजे गवत एक असलें तरी हे दोन धंदे परस्परांचे वैरी आहेत. २०१७ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें सुगंधी पिकांच्या प्रसारासाठीं 'अरोमा मिशन' सुरू केलें. तेव्हांपासून खसाच्या तेलाची चर्चा खेडोपाडीं पोंचली आहे, व ती चर्चा ऐकून बांधावर वाळा लावूं, बांधही राहील आणि मुळ्याही विकूं, असा हिशेब मांडणारे लोक आम्हांस भेटतात. हा हिशेब चुकीचा आहे. तो कां चुकीचा आहे हें गवताचा स्वभाव समजल्यावांचून पटणार नाहीं, म्हणून प्रथम त्याकडे वळूं.

वाळ्याचें बेट साधारण चार ते सहा फूट उंच वाढतें. पानें अरुंद व ताठ असतात, कडांना थोडी धार असते. वरून पाहणारास त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. खरें काम जमिनीखालीं चालतें. मुळ्या आडव्या न पसरतां सरळ खालीं जातात, आणि जमीन मऊ व खोल असेल तर पहिल्या एक-दोन वर्षांतच आठ-दहा फुटांपर्यंत पोंचतात. त्या बारीक पण चिवट असतात, व त्यांचें जाळें एवढें दाट होतें कीं मातीला जणूं दाव्यांनीं बांधून टाकिलें आहे असें वाटावें. मुळ्या खालीं जाणाऱ्या असल्यामुळें शेजारच्या पिकाच्या तोंडचा घांस हें गवत फारसा हिसकावून घेत नाहीं. हरळीप्रमाणें याला सरपटणारे कोंब नाहींत, कीं लव्हाळ्याप्रमाणें जमिनींत पसरणाऱ्या गांठी नाहींत. जेथें लावावें तेथेंच तें राहतें. "हें आणखी एक तण आम्ही शेतांत कशाला आणूं?" असा प्रश्न शहाणे शेतकरी विचारतात, आणि तो विचारणें योग्यच आहे, परंतु वरील कारणास्तव वाळ्याच्या बाबतींत ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं, मात्र जात योग्य निवडली पाहिजे. त्याविषयीं पुढें सांगतों.

फुटव्यांचा गड्डा जमिनीच्या पृष्ठभागाशीं किंवा किंचित् खालीं असतो. म्हणून गुरांनीं शेंडे खाल्ले, पायांखालीं तुडविलें, वणव्यांत वरचा पाला जळून गेला, तरी पाऊस पडतांच तें पुन्हा फुटतें. एकदा मूळ धरल्यावर तें अवर्षणही सोसतें व कित्येक दिवस पाण्याखालीं बुडून राहिलें तरी मरत नाहीं. समुद्राकडील वाऱ्यास तें डगमगत नाहीं, आणि बऱ्यापैकीं क्षार असलेल्या जमिनींतही वाढतें. इतक्या गुणांच्या गवतांत एक उणीव आहे, ती म्हणजे सावली. आंब्याच्या, काजूच्या किंवा माडांच्या दाट छायेखालीं लावलेला वाळा, विशेषतः कोंवळेपणीं, खुरटतो व रांगेंत खिंडारें पडतात. ज्या बांधावर दिवसाचें बहुतेक ऊन पडत नाहीं तेथें वाळ्याचा नाद सोडावा.

जात

वाळ्याचे ठळक दोन प्रकार आहेत. उत्तर हिंदुस्थानांत नदीकांठच्या व पाणथळ जमिनींत आपोआप उगवणारा जो वाळा, त्यास फुलें येतात व त्याचें बीं रुजतें. दक्षिणेकडील लागवडीचा वाळा क्वचित् फुलतो व त्याचें बीं रुजत नाहीं. तो केवळ फुटव्यांनीं वाढवावा लागतो. बांधासाठीं हा दुसराच प्रकार घ्यावा. बीं धरणारा वाळा ओढ्याच्या किंवा भातखाचराच्या कांठीं लावला तर तो नको तेथें उगवण्याचा संभव असतो. यासाठीं कोणी 'वाळ्याचें बीं' विकावयास आणील तर तें घेऊं नये.

मुळ्यांच्या व तेलाच्या पिकासाठीं लखनौ येथील केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्था, म्हणजे ज्यास 'सीमॅप' म्हणतात, तिनें केएस-१, धारिणी, गुलाबी, केसरी, सिम-वृद्धि इत्यादि वाण काढले आहेत. केरळांत ओडक्कली येथील संशोधन केंद्राचा ओडीव्ही-३ हा वाण आहे. तेलासाठीं लागवड करणारानें वाणाची खात्री केल्याशिवाय फुटवे घेऊं नयेत, कारण शेतांत उभें असतां एका वाणाचें गवत दुसऱ्यापासून ओळखणें आपणां सामान्य शेतकऱ्यांस साधत नाहीं, व चूक समजते ती भट्टीवर, दीड वर्षानंतर.

बांधावरील वाळा

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. त्या काळांत जे अर्ज व जबाब आमच्या हातांखालून गेले त्यांत बांध कोरल्याच्या तक्रारींस तोटा नव्हता. बांध कोरणारा एका वर्षांत फार घेत नाहीं. नांगराचें एक तास, फार तर वीतभर. परंतु वर्षाला एक वीत या मानानें दहा वर्षांत ती सात फुटांची होते, आणि दोनशें फूट लांबीच्या बांधावर सात फूट म्हणजे चौदाशें चौरस फूट, अर्थात् सव्वा गुंठ्याहून अधिक जमीन. एवढ्या जमिनीसाठीं सख्ख्या भावांचें बोलणें बंद झालेलें, व जमिनीच्या किंमतीहून अधिक पैसा खेपांत व वकिलांत गेलेला आम्हीं पाहिला आहे. पुष्कळदा तर दोघांपैकीं कोणीच बांध कोरलेला नसतो. पावसानें मातीचा बांध ढासळतो, दुसऱ्या वर्षीं तो अंदाजानें पुन्हा घालतात, आणि अंदाज नेहमी घालणाराच्या बाजूस झुकतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणें आपल्या जमिनीचीं सीमाचिन्हें नीट राखण्याची जबाबदारी धारकावरच आहे. दगड हलतो, खुंट कुजतो, मातीचा बांध वाहून जातो; वाळ्याची दाट रांग मात्र एका रात्रींत कोणास सरकवितां येत नाहीं. ती उपटावयाची म्हटल्यास पहार-कुदळ घेऊन दिवसभर राबावें लागतें, व तें साऱ्या वाडीस दिसतें. कर्नाटकांत म्हैसूरच्या दक्षिणेस गुंडलुपेट म्हणून तालुका आहे. तेथील शेतकरी शंभर वर्षांहून अधिक काळ शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या रांगा राखीत आले आहेत, आणि ही गोष्ट त्यांना कोणत्या खात्यानें शिकविलेली नव्हती.

तथापि एक सूचना आम्ही आग्रहानें करतों. वाळ्याची रांग ही हद्दीची खूण आहे, हद्दीचा पुरावा नव्हे. पुरावा मोजणीच्या नकाशांत असतो. म्हणून जेथें थोडाही संशय असेल तेथें आधीं भूमि अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यास बोलावून खुणा दाखवाव्या, आणि त्याच पावसाळ्यांत दोघांच्या खर्चानें खुणांच्या रेषेवर वाळा लावावा. मोजणीवांचून लावलेली रांग म्हणजे भांडणाला पक्की भिंत बांधून दिल्यासारखें होतें.

दुसरी गोष्ट अशी कीं हद्दीचा बांध व माती अडविणारा बांध हे नेहमी एकच नसतात. आपल्या वरकस जमिनींत वांटण्या पडतांना प्रत्येकास वरची-खालची सारखी जमीन मिळावी म्हणून पट्टे डोंगरावरून खालीं पाडलेले असतात. त्यामुळें हद्दी उतारास उभ्या जातात. अशा उभ्या रेषेवर लावलेला वाळा हद्द राखील, पण माती राखणार नाहीं. पाणी त्याच्या कडेनें सरळ खालीं धांवत जाईल. माती अडवावयाची तर रांग उतारास आडवी, समपातळींतच पाहिजे. ज्याची नाचणी-वरीची जमीन उताराची आहे त्यानें हद्दीवर एक रांग व आंत आडव्या रांगा, अशी दोन्ही योजना करावी.

आडवी रांग काम कसें करते तें पाहण्यासारखें आहे. मातीचा बांध पाणी पूर्णपणें अडवितो. पाणी सांचतें, वाट शोधतें, एका जागीं फुटतें, व फुटलें कीं वर्षाची माती तासाभरांत घेऊन जातें. वाळ्याची रांग पाणी अडवीत नाहीं, तें थोपवून धरते. पाणी दाट काड्यांतून गाळून हळूहळू सर्व लांबीभर खालीं उतरतें, आणि वेग मंदावल्यामुळें त्यांतील गाळ रांगेच्या वरच्या अंगास बसतो. वर्षानुवर्षे गाळ चढत जातो. वाळ्याच्या काड्या त्यांत बुडतात तशा त्यांच्या पेरांतून नवीन मुळ्या फुटतात व गवत गाळाबरोबर वर येतें. कुदळ न मारतां शेताला हळूहळू पायरी पडते. फिजी बेटांत १९५० च्या सुमारास उंसाच्या उतारांच्या जमिनींत अशा रांगा लावीत. तें काम अनुभवानें जाणणारे जॉन ग्रीनफील्ड व त्यांचे सहकारी रिचर्ड ग्रिमशॉ यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या कामानिमित्त आपल्या देशांत या पद्धतीचा प्रसार केला व १९८७ सालीं एक छोटी पुस्तिका काढली; अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९३ सालीं या एकाच गवतावर ग्रंथ प्रसिद्ध केला; आणि थायलंडचे राजे भूमिबोल यांनीं १९९१ पासून आपल्या देशांत तें मोठ्या प्रमाणावर लावविलें. गवत आपलें, पण त्याचे गुण परक्यांच्या तोंडून ऐकावे लागले, असा हा प्रकार आहे.

लागवड अशी करावी. चांगल्या वाढलेल्या बेटाचे फुटवे मुळांसकट सुटे करावे. वरचीं पानें सहा ते आठ इंच ठेवून छाटावीं, मुळ्या दोन ते चार इंच ठेवाव्या. वाळलेलीं पानें काढून टाकावीं. फुटवे शेणाच्या पातळ काल्यांत बुडवून घेतल्यास लवकर जीव धरतात. रेषेवर एक चर पाडून त्यांत सहा-सहा इंचांवर दोन-तीन फुटवे एकत्र लावावे व माती पायानें घट्ट दाबावी. येथें काटकसर करूं नये. एक-एक फूट अंतरावर लावून निम्मे फुटवे वांचविणारे पुष्कळ आहेत. परंतु मधलीं अंतरें भरून निघण्यास वर्षे लागतात, आणि पाण्याला एक भगदाड पुरतें. रांग एकेरीच पुरे. दोन आडव्या रांगांमध्यें उभ्या मापानें तीन ते सहा फुटांचा फरक असावा, म्हणजे वरच्या रांगेपासून खालची रांग इतकी खालीं असावी. उतार जितका तीव्र तितक्या रांगा जवळ येतील. समपातळी डोळ्यांनीं ठरवूं नये. रबरी नळींत पाणी भरून केलेली पाणसळ गवंड्याकडे असते, ती आणून दर पंधरा-वीस फुटांवर खुंट्या माराव्या.

किती फुटवे लागतील याचा हिशेब देतों. चौरस आकाराच्या एक एकर शेताचा घेर सुमारें ८३५ फूट भरतो. सहा इंचांवर एक जागा धरली तर १६७० जागा होतात, आणि दर जागीं तीन फुटवे धरल्यास ५०१० फुटवे लागतात. इतके फुटवे विकत घेणें महाग पडतें. यास उपाय घरची रोपवाटिका. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक-एक फुटावर एकेक ठोंब लावला तर तितकेच ठोंब बसतात. पाणी व शेणखत मिळालेल्या ठोंबापासून वर्षाखेरीस वीस चांगले फुटवे धरले, तरी एका गुंठ्यांतून २१,७८० फुटवे निघतात. म्हणजे पहिल्या वर्षीं हजार-अकराशें ठोंब विकत घेणारा शेतकरी दुसऱ्या वर्षीं चार एकरांचा घेर स्वतःच्या रोपांनीं लावूं शकतो. आतां सर्व ठोंब सारखे वाढत नाहींत व कांहीं मरतात हें खरें, म्हणून तीन एकर धरून चालावें.

पहिल्या वर्षीं रांगेची निगा लहान मुलासारखी करावी लागते. पावसांत मोठी ओढ पडली तर पाणी द्यावें, तण काढावें, आणि मेलेल्या जागा त्याच पावसाळ्यांत भरून घ्याव्या. दुसऱ्या वर्षापासून दीड-दोन फुटांवर विळ्यानें छाटणी करावी. छाटल्यानें फुटवे वाढून रांग दाट होते, व पिकावर सावलीही पडत नाहीं. दोन ते तीन पावसाळ्यांनीं रांग सांधून भिंतीसारखी होते. छाटलेला कोंवळा पाला गुरें खातात. जून पाला तीं फारसा खात नाहींत. तो झाडांच्या बुंध्याशीं आच्छादन म्हणून अंथरावा, गोठ्यांत पसरावा किंवा शाकारणीस वापरावा. बीं न धरणाऱ्या जातीच्या पाल्यापासून तण पसरत नाहीं, हा आच्छादनांत मोठाच फायदा. मका पिकविणारांस आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेंतील प्रयोगांत असें दिसून आलें कीं खोडकिडीचे पतंग मक्यापेक्षां वाळ्यावर अंडीं घालणें अधिक पसंत करतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या वाळ्यावर जगत नाहींत.

वाळ्याच्या शक्तीलाही मर्यादा आहे. पृष्ठभागाची माती व सात-आठ फूट खोलीपर्यंतचा उताराचा थर तो धरून ठेवील. परंतु २०२१ च्या जुलै महिन्यांत महाड तालुक्यांतील तळिये गांवावर जशी दरड कोसळली, तसा डोंगराचा भागच सुटून आल्यास कोणतेंही गवत पुरें पडणार नाहीं. जेथें जमिनीस भेगा पडल्या आहेत तेथें गवत लावून निश्चिंत होऊं नये, तहसील कचेरीस कळवावें.

खाडीकांठच्या शेतकऱ्यांस दोन शब्द. खाजणाच्या बांधाच्या आंतल्या अंगास व माथ्यावर, जेथें पावसानें क्षार धुपून जातो, तेथें वाळा लावून पाहण्यास हरकत नाहीं. बाहेरच्या अंगास, जेथें रोजच्या भरतीचें खारें पाणी उभें राहतें, तेथें तो टिकणार नाहीं; तें काम कांदळवनाचें आहे, तें तोडूं नये. त्याचप्रमाणें समुद्रासमोरच्या वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल व रावणाच्या मिशा म्हणून जें कांटेरी गवत असतें, तें काढून वाळा लावण्याच्या भरीस पडूं नये. हीं झाडें तेथील वाळू धरण्यास वाळ्याहून लायक आहेत, आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणें अशा टेकड्यांना संरक्षणही आहे. वाळ्याची जागा त्यांच्या मागें, वाडीच्या व शेताच्या हद्दीपासून सुरू होते.

मुळ्यांसाठीं वाळा

मुळ्यांचें पीक सपाट व वाळूमिश्रित जमिनींतच घ्यावें. तमिळनाडूंत कडलूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाळवट जमिनींत हें पीक घेतात, त्याचें कारण उघड आहे. वाळूंत मुळी सरळ व लांब वाढते, व खणतांना सबंध निघते. चिकण मातींत किंवा आपल्या जांभ्या दगडाच्या मुरमाड जमिनींत ती निम्मी तुटून आंत राहते. या पिकांत सर्वांत मोठा खर्च खणणावळीचा असतो, हें हिशेब करणारानें प्रथम लिहावें. बांधाप्रमाणें येथें दाट लावूं नये. दोन ओळींत दोन फूट व ओळींत एक ते दीड फूट अंतर ठेवावें.

पीक पंधरा ते अठरा महिन्यांनीं काढण्यास येतें. त्याआधीं काढलेल्या मुळ्यांत तेल कमी व हलक्या प्रतीचें असतें. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत खणावें. प्रथम पाला छाटून घ्यावा, मग ओळीच्या बाजूनें चर घेऊन बेट मुळ्यांसह उपसावें; मुळ्या तोडून, धुऊन सावलींत वाळवाव्या. उन्हांत वाळविल्यास वास उडतो. सर्व शेत एका वर्षीं न उपसतां पट्टे पाडून निम्मे या वर्षीं व निम्मे पुढील वर्षीं काढावें, आणि काढलेल्या पट्ट्यांतील चर लागलींच बुजवून, पाण्याची सोय असल्यास तेथेंच नवे फुटवे लावावे. उघडी वाळू उन्हाळ्यांतील वाऱ्याच्या तोंडीं ठेवूं नये.

तेल काढणें हें एकट्या-दुकट्याचें काम नव्हे. वाळ्याचें तेल जड व दाट. तें वाफेबरोबर फार सावकाश येतें, त्यामुळें भट्टी अठरा-वीस तास किंवा त्याहूनही अधिक वेळ चालवावी लागते. शिवाय त्याचें वजन पाण्याच्या वजनाच्या जवळपास असल्यामुळें तें पाण्यापासून सुटें करण्यास कौशल्य लागतें. शंभर किलो सुक्या मुळ्यांतून, जातीप्रमाणें व भट्टीप्रमाणें, अर्धा ते दीड किलोपर्यंत तेल मिळतें. कनौज येथील अत्तरवाले तांब्याच्या डेगांतून पिढ्यान् पिढ्या हें काम करीत आले आहेत. आपल्याकडे पांच-पन्नास शेतकऱ्यांनीं मिळून भट्टी घातल्याशिवाय तेलाचा विचार करूं नये. नुसत्या मुळ्यांना मात्र औषधीवाले, सरबतवाले, उटणें करणारे व पडदे विणणारे यांच्याकडे खप असतो; तरी लावण्यापूर्वीं गिऱ्हाईक ठरवावें, खणल्यानंतर नव्हे.

आतां आरंभीं सांगितलेल्या गोष्टीकडे येतों. वाळ्याचें तेल सर्वांत अधिक पिकविणारा देश म्हणजे वेस्ट इंडीजमधील हैती. तेथें दक्षिण भागांत, ले काय शहराच्या आसपास, गरीब शेतकरी डोंगरउतारांवर वाळा लावतात आणि पैशाची निकड लागली कीं मुळी पुरती तयार होण्यापूर्वींच उपसतात. तेल कमी मिळतें, आणि उकरलेली माती पावसाबरोबर खालीं जाते. जें गवत माती धरण्यासाठीं जगांत नांवाजलें, त्याच्याच लागवडीनें तेथें डोंगर उघडे पडतात. दोष गवताचा नव्हे, उतारावर कुदळ मारण्याचा आहे.

इतक्या दूरचें उदाहरण नको असेल तर जवळचें देतों. गांव व नांवें सांगण्याचें कारण नाहीं. दोन चुलतभावांनीं मोजणी करून घेऊन सामाईक बांधावर वाळा लावला. दोन पावसाळे रांग उत्तम वाढली, गाळ चढला, बांधाची तक्रार मिटली. तिसऱ्या हिंवाळ्यांत मुळ्या विकत घेणारा एक फिरता व्यापारी आला. थोरल्यास पैशांची गरज होती; त्यानें आपल्या बाजूची म्हणून अर्ध्या लांबीची रांग खणून दिली. बांधाला 'आपली बाजू' नसते हें त्यास सुचलें नाहीं. पहारीनें सैल झालेला बांध श्रावणांत तेवढ्याच लांबींत बसला, वरच्या खाचराचा गाळ खालच्या भातांत गेला, आणि धाकट्यानें पुन्हा अर्ज केला. मुळ्यांचे आलेले पैसे पहिल्या दोन तारखांच्या खेपांतच संपले, असें थोरल्यानेंच आम्हांस सांगितलें. पुढें दोघांनीं पंचांसमोर लिहून दिलें कीं बांधावरील वाळ्याचा पाला दोघांनीं वांटून घ्यावा व मुळीला कोणीं हात लावूं नये. ज्यांचा बांध सामाईक आहे त्यांनीं असें लिहून ठेवणें बरें. पंचांच्या सह्या व मोजणीच्या नकाशाची नक्कल दोघांकडेही असावी.

ज्यास मुळ्या विकावयाच्या आहेत त्यानें त्यासाठीं सपाट जमिनीचा वेगळा तुकडा राखावा, मग तो पांच गुंठ्यांचा कां असेना, आणि बांधावरून फक्त पाला घ्यावा. रोपवाटिकाही अशाच वेगळ्या जागीं असावी. फुटव्यांसाठीं बांधावरील रांग उकरण्याची संवय लागली कीं मुळ्यांसाठीं उकरण्यास वेळ लागत नाहीं.

या पावसाळ्यांत आरंभ करूं इच्छिणारांनीं रोहिणी नक्षत्रांतच रेषा आंखून चर तयार ठेवावे. मृगाचा पाऊस जमिनींत नीट मुरल्यावर लागवडीस हात घालावा व आर्द्रा संपण्याच्या आंत ती उरकावी, म्हणजे पुढील जोराच्या पावसापूर्वीं फुटवे मूळ धरतात. पुनर्वसूंत एकदा रांगेवरून फिरून मेलेल्या जागा मोजाव्या व रोपवाटिकेंतून भराव्या. दुरून आणलेले फुटवे ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत ठेवावे व शक्य तितक्या लवकर लावावे. उघड्यावर एक दिवस उन्हांत पडलेल्या फुटव्याचा भरंवसा धरूं नये.